डावा कान वर

टिटवी, म्हणजे आमच्या शाळेच्या क्लबचं रिमोटवर उडणारं विमान, हवेत होती ती जेमतेम दोन सेकंद. माझ्या हातातून सुटल्यापासून नाक मातीत रुतेपर्यंत मोबाइलच्या व्हिडिओत ६४ फ्रेम मोजता येतात. सेकंदाला ३० फ्रेम धरल्या तर हिशेब दोन सेकंदांच्या जरासा पुढे जातो. त्या दोन सेकंदांवर आमच्या क्लबचा सबंध आठवडा गेला. विमान पडलं म्हणून हे लिहीत नाहीये. मुलांनी बनवलेली विमानं पडतातच, आणि पडल्याशिवाय ती बनवायला कुणी शिकत नाही. लिहितोय ते अशासाठी की विमान पडल्यावर पहिल्याच मिनिटात मी एका मुलीला जे बोललो ते साफ चूक होतं, आणि त्या चुकीचा पुरावा याच ६४ फ्रेममध्ये पडून होता.

मी पुण्यातल्या एका शाळेत आठवी ते दहावीला विज्ञान शिकवतो. शाळेत रिमोटवर उडणारी विमानं बनवायचा क्लब आहे, त्याला तीन वर्षं झाली. मुलांची नावं इथे देत नाही. ज्याच्याकडे जे काम होतं त्या नावाने लिहितो.

दोन विमानं, एक रिसीव्हर

बाल्सा लाकूड आम्हाला परवडत नाही. आमच्या विमानांची धडं सनपॅकची असतात. क्लासेसच्या ॲडमिशनचे बोर्ड ज्या पन्हळी प्लास्टिकवर छापतात तेच हे. जून उलटला की असे बोर्ड फुकट मिळतात, त्यामुळे आमच्या एका विमानाच्या पोटाशी अजून 'दहावी गणित' एवढी अक्षरं वाचता येतात. पंख फोमबोर्डचे, जोडकाम ग्लू गनचं. तारा, स्क्रू, बिजागऱ्या बोहरी आळीतून आणतो, वायरी आणि कनेक्टर बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या देवळाच्या आसपास मिळतात. मोटर, स्पीड कंट्रोलर आणि नऊ ग्रॅमचे सर्व्हो, म्हणजे पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी, ऑनलाइन मागवतो.

पहिलं विमान 'बगळा'. याला कान नाहीत. कान म्हणजे एलेरॉन, पंखाच्या मागच्या कडेची हलणारी पट्टी. एक वर गेली की दुसरी खाली जाते. गाय माशी हाकलताना कान हलवते तसं दिसतं म्हणून मुलांनी तो शब्द पाडला, आणि आता मलाही दुसरा सुचत नाही. बगळ्याचे पंख टोकांकडे वर उचललेले आहेत. रिमोटची काडी सोडून दिली तर ते आपोआप सरळ होतं. वळवायचं ते रडरने, म्हणजे शेपटीच्या उभ्या हलत्या पट्टीने.

दुसरं 'टिटवी'. पंखांचा विस्तार १२० सेंटिमीटर, पंखाची रुंदी २०, बॅटरीसकट वजन ७४० ग्रॅम. पंख सरळ, त्यांना दोन कान, प्रत्येक कानाला आपला सर्व्हो. हे विमान आपोआप सावरत नाही, उडवणाऱ्यालाच सावरावं लागतं. बगळा येऊ लागल्यावरची ही पुढची पायरी.

ट्रान्समीटर, म्हणजे हातातला रिमोट, एकच, तो समजण्यासारखा. पण रिसीव्हर, म्हणजे विमानात बसून रिमोटचा हुकूम घेणारा भाग, तोही एकच होता. एका विमानातून काढायचा, दुसऱ्यात घालायचा. या काटकसरीचं श्रेय माझंच. ट्रान्समीटरमध्ये दर विमानासाठी वेगळी मेमरी ठेवता येते: कुठला चॅनेल, म्हणजे एका पट्टीकडे जाणारा हुकूम, सुलटा, कुठला उलटा, काडी किती हलली की पट्टी किती हलायची. बगळ्याची मेमरी १, टिटवीची २. बगळ्याचा रडर आणि टिटवीचे कान दोन्ही पहिल्याच चॅनेलवर, कारण वळायची काडी मुलांना उजव्याच हातात हवी असते. टिटवीचे सर्व्हो चिकटवले तेव्हा ते उलटे चालताहेत हे लक्षात आलं. पुन्हा उखडण्यापेक्षा मेमरी २ मध्ये पहिला चॅनेल उलटा करून टाकला. बटणाचं काम, दहा सेकंदांचं. सगळं प्रकरण या दहा सेकंदांत आहे, पण आम्हाला ते आठ दिवसांनी कळलं.

उडवायच्या जागेबद्दल थोडक्यात सांगतो, कारण पालक पहिल्यांदा तेच विचारतात. २०२१च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतचं यान 'नॅनो' धरलं जातं. आमची दोन्ही विमानं त्याहून जड. शिकण्यासाठी किंवा हौसेखातर, नजरेच्या टप्प्यात उडवलेल्या मॉडेल विमानाला प्रकार प्रमाणपत्र, म्हणजे त्या जातीच्या यानाला सरकारी मान्यता, लागत नाही, पण म्हणून कुठेही उडवता येतं असं नाही. विमानतळाच्या हद्दीपासून ५ किलोमीटर लाल झोन (बंदी), पुढे १२ किलोमीटरपर्यंत पिवळा (परवानगी लागते), त्यातल्या ८ ते १२च्या पट्ट्यात २०० फुटांखाली मात्र हिरवा (मोकळा). पुण्यात लोहगावचा हवाई तळ, खडकवासल्याला एनडीए, हडपसरला ग्लायडिंग सेंटर. नकाशा उघडला की शहरातली बरीच मैदानं मनातून उतरतात. उरलेल्यांवर क्रिकेट असतं. म्हणून आम्ही दिवे घाट चढून वर जातो, सासवडच्या अलीकडे. एका विद्यार्थ्याच्या चुलत्यांचं तिथे रान आहे. ज्वारी निघाली की पुढची नांगरट होईस्तोवर ते आमचं.

रविवार, साडेआठ

मार्चचा पहिला आठवडा. सकाळी सातला पोचलो, अकरा मुलं आणि तीन पालक. एरवी आमच्याबरोबर काका असतात. ते हवाई दलातून निवृत्त झालेले तंत्रज्ञ, सोसायटीतले शेजारी, आणि क्लबमधलं खरं ज्ञान त्यांच्याकडेच. त्या रविवारी त्यांच्या भाचीचं लग्न होतं. आधीच्या रविवारी त्यांनी टिटवी स्वतः दोनदा उडवून दाखवली होती, छान उडली होती. विमान चांगलं आहे याबद्दल कुणाच्याच मनात शंका नव्हती.

बगळ्याच्या तीन फेऱ्या झाल्या. मग रिसीव्हर काढून टिटवीत बसवला, नवी चार्ज केलेली बॅटरी घातली. टिटवी उडवायची पाळी नववीतल्या एका मुलीची. शाळेच्या संगणक कक्षात सिम्युलेटरवर तिने सबंध दिवाळीची सुट्टी काढली होती, बगळा तर ती डोळे मिटून उतरवते. तिला पायलट म्हणू. आठवीतला एक मुलगा यादी वाचणारा.

यादी पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेली होती, बारा मुद्द्यांची. त्यातला सातवा 'एलेव्हेटर', म्हणजे नाक वर-खाली करणारी शेपटीची आडवी पट्टी, आठवा 'कान'.

"एलेव्हेटर?"
"हलतोय."
"कान?"
"हलतायत."

दोघांनीही खोटं सांगितलं नाही. कान हलत होतेच.

मी विमान घेऊन वाऱ्याकडे तोंड करून उभा राहिलो. वारा जवळजवळ नव्हताच. असं विमान साधारण ताशी २६ किलोमीटरच्या खाली स्वतःचं वजन पेलत नाही. त्यातला निम्माशिम्मा वेग हाताने द्यायचा, बाकीचा मोटर देते. पायलटने मोटर पूर्ण खोलली, मी दोन पावलं धावून सोडलं.

डावा पंख किंचित कलला. हे दरवेळी होतं. पंखा (प्रोपेलर) मागून पाहिला तर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो, त्यामुळे विमानाचं अंग उलट्या बाजूला, डावीकडे, वळायला बघतं. काडी जराशी उजवीकडे दिली की भागतं. पण टिटवी आणखी डावीकडे कलली. मग आणखी. मग तिचं पोट दिसलं, आणि पाठीवर पडून ती धसकटांत घुसली. ज्वारीची धसकटं दिसायला निरुपद्रवी असतात, पण फोमबोर्डच्या पंखातून ती सुरीसारखी आरपार गेली.

सगळे पळत निघाले. मी ओरडून थांबवलं, कारण बॅटरी. लिथियम पॉलिमर बॅटरी आदळून चेपली तर लगेच नाही, वीस मिनिटांनीही पेटू शकते. वायर काढून ती दहा पावलांवर मोकळ्या मातीत ठेवली आणि अर्धा तास तिच्यावर पहारा केला. एक कोपरा आत गेला होता. मग वाळू भरलेल्या पत्र्याच्या डब्यातून ती परत आणली. दीडेक हजारांची बॅटरी, ती पुन्हा वापरली नाही.

पायलट जागची हलली नव्हती. ट्रान्समीटर गळ्यात तसाच. मी जवळ जाऊन म्हणालो, "अगं, घाबरून उलटी दिलीस काडी."

"नाही सर. उजवीकडेच दिली होती."

"होतं असं. पहिल्या वेळी सगळ्यांचंच होतं."

हे मी रागाने म्हटलं नव्हतं, समजूत घालायच्या सुरात म्हटलं होतं. रागावलो असतो तर ती भांडली असती. समजूत घातल्यावर भांडायला जागाच उरत नाही. ती गप्प झाली, ट्रान्समीटर बंद करून पेटीत ठेवला आणि परतीच्या वाटेवर घाट उतरेपर्यंत खिडकीबाहेर बघत बसली.

सोमवार, शाळा सुटल्यावर

पडलेल्या विमानाची चौकशी करायची आमची पद्धत आधीपासून आहे. फळ्यावर कारणं लिहायची आणि एकेक खोडत जायचं. सोमवारी फळ्यावर पाच लिहिली: वारा, वजनाचा तोल, बॅटरी, सिग्नल, पायलट. पाचवा शब्द मी लिहिला नाही, पण पुसलाही नाही. पायलट त्या दिवशी शाळेत आली होती, क्लबला आली नाही.

वारा लगेच गेला. आम्ही काठीला लाल फीत बांधून रोवतो. व्हिडिओत ती सरळ खाली लोंबत होती.

तोलाला वेळ लागला. टिटवीचा तोल पुढच्या कडेपासून ६ सेंटिमीटरवर, म्हणजे पंखाच्या रुंदीच्या ३० टक्क्यांवर यायला हवा. मागे गेला तर विमान नाक वर करून गडबडतं. नाक चेपल्यामुळे आता मोजता येईना. पण बॅटरीचं वेल्क्रो जिथल्या तिथे होतं आणि आधीच्या रविवारी स्केच पेनने मारलेल्या खुणेला बरोबर जुळत होतं. शिवाय तोल बिघडलेलं विमान वर-खाली होतं, हे आडवं लोळलं होतं. आठवीतल्या दोघांनी हे मला न विचारता सांगितलं.

बॅटरी मातीत ठेवण्याआधी एका पालकांनी मीटर लावून बघितली होती. तीन सेलची पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते, ही १२.५ होती.

सिग्नलचं उत्तर ऐकून मिळालं. सिग्नल तुटला तर मोटर आपोआप बंद व्हावी अशी सोय रिसीव्हरमध्ये करून ठेवलेली असते. व्हिडिओचा आवाज मोठा केला. मोटरचा घूं आवाज शेवटच्या क्षणापर्यंत, पंखा मातीत तुटेस्तोवर, एकसारखा येतो. म्हणजे सिग्नल होता.

फळ्यावर एकच शब्द राहिला.

तेवढ्यात माझ्या एक गोष्ट लक्षात आली, आणि ती आदल्या दिवशीच यायला हवी होती. नवशिकी मुलं काडी उलटी देतात हे खरं. पण कधी? विमान आपल्याकडे तोंड करून येत असतं तेव्हा. त्याचं उजवं ते आपलं डावं होतं आणि बोटं गोंधळतात. वीस-पंचवीस वेळा मी हे बघितलंय, म्हणून तर रविवारी इतक्या खात्रीने बोललो. इथे विमान आमच्यापासून दूर जात होतं, शेपटी आमच्याकडे होती. गोंधळायला काही कारणच नव्हतं. माझा अनुभव खरा होता, पण तो दुसऱ्याच प्रसंगाचा होता.

मी हे बोलणार, एवढ्यात मागच्या बाकावरून सातवीतला मुलगा म्हणाला, "सर, डावा कान वर आहे."

तो लॅपटॉपवर व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकवत बसला होता. टिटवीच्या कानांना खालून लाल टेप लावलेली आहे, विमान पालथं झालं तर कळावं म्हणून. मागून पाहताना जो कान वर उचललेला असतो त्याची खालची बाजू दिसते. १९व्या फ्रेममध्ये डाव्या पंखाच्या मागे लाल रेघ आहे. २३व्या फ्रेममध्ये ती जाड झाली आहे. ३०व्यात पूर्ण पट्टी लाल. उजव्या बाजूला लाल कुठेच नाही.

कान वर गेला की त्या पंखाची उचल कमी होते आणि तो पंख खाली जातो. डावा कान वर, म्हणून विमान डावीकडे लोळलं. इथवर ठीक. पण याचे अर्थ दोन निघतात. एक, तिने काडी डावीकडे दिली. दोन, तिने उजवीकडे दिली आणि यंत्राने डावीकडे ऐकली.

पेटी उघडली. रविवारपासून ट्रान्समीटरला कुणी हात लावला नव्हता. बंद करताना जी मेमरी असते तीच चालू करताना येते. बटण सरकवलं. पडद्यावर: मॉडेल १.

वर्गात कुणी काही बोललं नाही. मग यादी वाचणारा मुलगा हळूच म्हणाला, "हा बगळा आहे."

तुटलेल्या पंखाचे दोन्ही सर्व्हो शाबूत होते. रिसीव्हर जोडला, दुसरी बॅटरी लावली, दोन मुलांनी पंखाचे तुकडे जागच्या जागी धरले. काडी उजवीकडे दिली. डावा कान वर गेला. दहा वेळा केलं, दहाही वेळा डावाच.

म्हणजे त्या मेमरीवर डावा कान वर जायला काडी उजवीकडेच द्यावी लागते. व्हिडिओत डावा कान वर आहे. तेव्हा रविवारी सकाळी साडेआठ वाजता तिच्या अंगठ्याने काडी उजवीकडे दिली होती, आणि लाल पट्टी जसजशी जाड होत गेली तसतशी ती आणखी उजवीकडे देत गेली. ती जितकं सावरायला गेली तितकं विमान पालथं झालं. बरोबर वागल्यामुळेच ते पडलं. काही न करता काडी नुसती सोडून दिली असती तर कदाचित ते धडपणे जमिनीला टेकलं असतं.

पहिलं काम

पहिलं काम यादी सुधारणं नव्हतं. मंगळवारी मधल्या सुट्टीत मी नववीच्या वर्गात गेलो आणि तिला सगळ्यांसमोर सांगितलं, की रविवारी तू म्हणालीस ते खरं होतं आणि मी म्हणालो ते खोटं. तिने विचारलं, "कशावरून?" एवढंच. मी फ्रेम दाखवल्या. ती १९व्या फ्रेमवर बराच वेळ थांबली. "मला वाटलंच होतं," म्हणाली, "पण तुम्ही म्हणालात म्हणून मग मलाच वाटायला लागलं की दिली असेल उलटी."

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय. दोन दिवसांत तिने स्वतःच्या बोटांवरचा विश्वास सोडला होता, माझ्या एका वाक्यामुळे. एवढी पडझड टिटवीचीही झाली नव्हती.

यादी वाचणाऱ्या मुलाचंही थोडं सांगायला हवं. तो त्या आठवड्यात भेटेल त्याला सांगत होता की चूक माझी. ती त्याची नव्हती. मेमरी बदलणं यादीत नव्हतंच. आधीच्या रविवारी ती काकांनी बदलली होती, सवयीने, बोलताबोलता. ती पायरी काकांच्या हातात होती आणि काका लग्नाला गेले, तर तीही त्यांच्याबरोबर गेली.

काकांना गुरुवारी सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. त्यांनी ११ नोव्हेंबर २०१८ची गोष्ट सांगितली. एअर अस्तानाचं एम्ब्रेअर १९० पोर्तुगालमध्ये मोठ्या दुरुस्तीनंतर निघालं. एलेरॉनच्या केबली उलट्या जोडल्या गेल्या होत्या. उड्डाणापूर्वीच्या तपासणीत ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. सहा माणसं आत, विमान हवेत वेडंवाकडं लोळतंय, आणि वैमानिकांनी हवेतच ओळखलं की एलेरॉन नीट ऐकत नाहीत. शेवटी बेझाच्या धावपट्टीवर सुखरूप उतरवलं. "त्यांच्याकडे उंची होती," काका म्हणाले. "आपल्या पोरीकडे दोन मजल्यांएवढीसुद्धा नव्हती."

काय बदललं

यादीतला आठवा मुद्दा आता असा आहे: वाचणारा म्हणतो, "काडी उजवीकडे." पायलट काडी देते. विमानामागे उभा असलेला तिसरा, ज्याला ट्रान्समीटर दिसत नाही, तो कान बघून सांगतो, "उजवा वर." मग डावीकडे. 'हलतंय' या उत्तराला क्लबमध्ये बंदी आहे. मुलांनी त्याला जोड दिली, 'काडी जिकडे, कान तिकडे वर', आणि ते ओरडून म्हणतात. पहिल्या ओळीत आता 'पडद्यावर कोणाचं नाव?' हा प्रश्न आला. मेमऱ्यांना आकड्यांऐवजी नावंही दिली.

पण सगळ्यात चांगली सूचना यादीबाहेरची होती, आणि ती पायलटनेच केली. ती म्हणाली, टिटवीचा चॅनेल उलटा करावाच का लागला? नवा पंख बनवताना कानाचा हॉर्न, म्हणजे तार जिथे अडकवतो तो तुकडा, खालच्या बाजूऐवजी वरच्या बाजूला लावा. दिशा आपोआप पालटेल. मग मेमरी १ असो की २, उजवीकडे म्हणजे उजवीकडेच. तसंच केलं. वीस मिनिटं जास्त लागली. आता चुकीच्या मेमरीवर टिटवी उडाली तर हेलकावे घेईल, जरा आळशी वळेल, पण उलटं ऐकणार नाही. यादी माणसाच्या लक्षात राहण्यावर चालते, हॉर्न लक्षात ठेवावा लागत नाही. नव्या विमानांना आता चॅनेल उलटा करायची मुभाच नाही, सर्व्हो उखडून पुन्हा लावायचा.

विमान पडलं की आता कुणी बोलायच्या आधी सगळ्यांनी पाठकोऱ्या कागदावर आपण काय पाहिलं ते लिहायचं. पायलटचा कागद पहिला वाचायचा. सर सगळ्यात शेवटी. हा नियम माझ्यासाठी आहे हे सगळ्यांना माहीत आहे, कुणी तसं बोलून दाखवत नाही.

दुसऱ्या रिसीव्हरचा अर्ज ऑफिसात आहे.

पायलट पुढचे दोन रविवार आली, पण विमानामागे उभं राहून कान सांगायचं काम मागून घेतलं. तिसऱ्या रविवारी काकांनी काही न विचारता ट्रान्समीटर तिच्या गळ्यात अडकवला. टिटवी साडेचार मिनिटं उडाली. वर दोन घारी चकरा मारत होत्या, मुलांचं अर्धं लक्ष त्यांच्याकडे. उतरताना विमान आमचं रान संपून बांधापलीकडच्या कांद्यात गेलं. तिथे एक आजी खुरपत होत्या. त्यांनी ते दोन्ही हातांनी, कोंबडी धरावी तसं उचलून बांधावर आणून दिलं आणि विचारलं, "कुनी उडवलं ह्ये?"

"मी," पायलट म्हणाली.

"मंग कांद्यात कशाला घातलंस?"

"वारा सुटला आजी," ती म्हणाली, आणि आम्ही सगळ्यांनी काठीकडे पाहिलं. फीत खरोखरच फडफडत होती.